घरी डुप्लिकेट, बाहेर ओरिजिनल

दिवा जमव्याच्या पाठीने लागला. हाताने लागला असता तर निदान काही कारण तरी सांगता आलं असतं. तो दचकून खुर्चीतून उठला, मागे सरला, पाठ भिंतीवरच्या बटणांना घासली, आणि काम चालू असताना जी खोली चुकूनही उजळायची नसते ती दुकानाच्या शोकेससारखी लख्ख उजळली.

खोल्या दोन, आणि मध्ये भिंतभर काच. पलीकडच्या खोलीत भरपूर उजेड, गोल टेबल आणि टेबलाभोवती विशी-बाविशीतली मुलंमुली. त्यांना ती काच आरसा वाटते. काही जण तर बोलता बोलता तिच्यात बघून केस सारखे करतात. अलीकडच्या खोलीत मिट्ट काळोख, आणि काळोखात कंपनीची माणसं. ही पोरं कशावर पैसे उधळतात, कशावर पोटाला चिमटा घेऊन वाचवतात, कुठला ब्रँड मिरवतात आणि कुठला लपवतात, हे ती माणसं बिस्किटं खात ऐकत बसतात. कुणीतरी ऐकणार आहे हे पोरांना आधी सांगितलेलं असतं. पण सांगणं वेगळं आणि दिसणं वेगळं. अलीकडे उजेड पडला, की आरशाची खिडकी होते.

तशी ती झाली. आणि ज्या वेळी झाली, त्या वेळी पलीकडे एक मुलगी आपल्या पांढऱ्याशुभ्र बुटांबद्दल सांगत होती.

"माझं उलटं आहे," ती म्हणाली होती. "लोक डुप्लिकेट घेतात आणि ओरिजिनल म्हणून सांगतात. माझे शूज ओरिजिनल आहेत, पण घरी डुप्लिकेट म्हणून सांगितलंय. खरी किंमत कळली तर आई मला ते घालूच देणार नाही, कुलपात ठेवेल. मैत्रिणींना वाटतं मी डाएटवर आहे. डाएट कसलं! दुपारच्या जेवणाचे पैसे बुटांच्या हप्त्यात जातात."

अंधारात हशा पिकला, आणि जमव्या उठला. कारण ती मुलगी त्याची सख्खी धाकटी बहीण होती. ज्या 'घरी' डुप्लिकेट म्हणून सांगितलं होतं, त्या घरात तोही राहत होता. दिवसभर उपाशी राहून संध्याकाळी चौघांचं जेवणारं हे कुठलं डाएट, असं तो तिला महिनोन् महिने चिडवत आला होता. आत्ता उत्तर मिळालं, तेही स्पीकरमधून.

पलीकडच्यांना दिसलं ते असं: कंपनीच्या मोठ्या बाई तोंडावर हात धरून हसतायत. त्यांच्या शेजारचा टाय लावलेला तरुण मान वेळावून त्या मुलीची नक्कल करतोय. आणखी एकाचं सँडविच अर्ध्या वाटेत थांबलंय. आणि भिंतीला पाल चिकटावी तसा एक जण बटणांना चिकटलाय. टेबलापाशी बसलेल्या एका मुलाने आनंदाने हात हलवला. पांढऱ्या बुटांच्या मुलीने हात हलवला नाही. ती "दा" एवढंच म्हणाली आणि पुढचा "दा" तिने गिळला.

आता हा जमव्या कोण, ते सांगायला हवं. जमव्या हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते धंद्याने दिलेलं. कंपन्यांना तरुणांच्या मनातलं ऐकायचं असतं, आणि तरुण काही आपण होऊन खुर्च्यांवर येऊन बसत नाहीत. ते जमवावे लागतात. ते काम याचं. कॉलेजच्या फाटकाशी, जिमच्या जिन्यात, मोठ्या दुकानांच्या दाराशी हा उभा. कुणाच्या पायात काय, पाठीवरची बॅग कुठली, फोनचं कव्हर फोनपेक्षा महाग आहे का, हे त्याला लांबून कळायचं. मग जवळ जाऊन, गोड बोलून, नंबर घ्यायचा. त्याच्या फोनमध्ये माणसांची नावं नव्हतीच. 'निळे केस, शाम्पू चालेल', 'दोन फोनवाला, फार बोलतो', 'जाडा चष्मा, थंड पेय, आईला विचारून येते' अशी सगळी वस्ती.

या वस्तीचं त्याला बरंच कळलं होतं. फोटोत दिसतं त्यावर ती पोरं डोळे मिटून खर्च करतात. फोटोत दिसत नाही ते घरातलं वापरतात. पाण्याची बाटली महागातली, बाटलीतलं पाणी नळाचं. कानातले इयरफोन नामांकित, आणि त्यावर गाणी फुकटची. जुनं झालं म्हणून काही टाकत नाहीत, पण मैत्रिणीने तेच घेतलं तर दुसऱ्या दिवशी विकून मोकळे. हे सगळं तो मोठ्या आपुलकीने सांगायचा, जणू गेल्या वर्षापर्यंत तो स्वतः त्याच वयोगटात नव्हता. पंचविशी उलटल्यावर कंपनीच्या हिशेबात तो 'तरुण' राहिला नव्हता, आणि ही गोष्ट त्याला केस गळण्यापेक्षा जास्त लागली होती.

बूड टेकणं हा प्रकार त्याला ठाऊक नव्हता. बसला तरी एक पाय हलत असायचा. जेवण उभ्याने, झोप फोन छातीवर ठेवून. फोन वाजला नाही तर का वाजत नाही म्हणून उचलून बघायचा. हा जीव असा अधांतरी असायला कारणही होतं. त्याला महिन्याचा पगार नव्हता. डोकी मोजून पैसे. आठ बोलावले आणि सात आले, तर त्या रिकाम्या खुर्चीकडे कंपनीवाले असे बघायचे, की जणू जमव्यानेच तिच्यावर बसणाऱ्याला गिळलंय. ऑफिसात स्वतःचं टेबल नाही, खुर्ची नाही, डबा ठेवायला कप्पा नाही. कॉलेज सोडल्यापासून तो 'पक्का' होण्याची वाट बघत होता.

त्या दिवशीही एक खुर्ची अशीच रिकामी राहणार होती. चर्चा सुरू व्हायला थोडा वेळ उरला असताना एका मुलाचा निरोप आला: 'सॉरी ब्रो, मूड नाही.' मूड! जमव्याने त्याच्या आख्ख्या पिढीला एक शिवी हासडली, आणि समोरच्या रस्त्यापलीकडे चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करणाऱ्या बहिणीला फोन लावला. "तासभर ये. बूट कुठले आवडतात ते सांगायचं. मला ओळखत नाहीस, एवढंच." नात्यातलं माणूस आणायचं नाही, हा या धंद्यातला पहिला नियम. आणि नव्याने कामाला लागलेल्या पोरांना हा नियम दरडावून सांगायचं काम जमव्याकडेच होतं.

दिवा विझवून चर्चा कशीबशी संपली. पोरं भेटवस्तूंच्या पिशव्या घेऊन गेली. काचेपलीकडे बसून चर्चा घेणारे सर, म्हणजेच या छोट्या फर्मचे मालक, पॅसेजमध्ये आले आणि दात न उघडता म्हणाले, "तुला इथे उजेड पाडायला ठेवलंय का रे?"

"सर, पाठ लागली."

"पाठच लागणार तुला. कामाला हात लागतोय कुठे!"

एवढ्यात कंपनीच्या मोठ्या बाई बाहेर आल्या. त्यांची कंपनी मोजे बनवायची. बुटांवर एवढा खर्च करणारी ही पिढी मोजे मात्र रस्त्यावरच्या ढिगातून का उचलते, हे त्यांना हवं होतं. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे मोजेबाई म्हणत. मोजेबाई म्हणाल्या, "ती पांढऱ्या शूजवाली मुलगी. मला तिचं घर बघायचंय. कपाट, घरची माणसं, सगळं. एवढं खरं बोलणारी मुलगी मला वर्षात भेटली नव्हती."

नासता नासता दूध थांबावं तसा सरांचा चेहरा पालटला. "का नाही! होईल की! जमव्या कशासाठी आहे?" आणि बाई लिफ्टकडे वळल्यावर त्यांनी जमव्याच्या खांद्यावर हात ठेवला. असा हात त्या खांद्यावर आजवर कधी पडला नव्हता. "ही एक घरभेट नीट पार पाड. बाई खूश झाल्या, की वर्षभराचं काम आपलं. पुढच्या महिन्यापासून तू पक्का. टेबल, खुर्ची, पगार."

तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. त्याने उघडलंही. पण त्यातून निघालं ते "हो सर".

संध्याकाळी घरी आला तेव्हा धाकटी खिडकीशी जुन्या टूथब्रशने बूट घासत बसली होती. आई अजून कामावरून यायची होती. ती एका हॉटेलच्या धुलाईखात्यात चादरींना इस्त्री करायची. दिवसभर उभ्याचं काम.

"किती जण होते?" धाकटीने मान वर न करता विचारलं.

"कुठे?"

"काचेमागे. हसायला."

"तुला नव्हते हसत गं ते."

"मग कुणाला, शूजना?" तिने बूट जोरात घासला. "तो टायवाला माझी मान करून दाखवत होता. मी अशी मान करते?"

ती अशीच मान करायची, पण ही बोलायची वेळ नव्हती. "आणि तू काय लपवाछपवी करतेस? डुप्लिकेट म्हणे! मी माझ्या मित्राला सांगून ठेवलंय, की माझ्या बहिणीने फुटपाथवरून हुबेहूब खऱ्यासारखे बूट आणलेत म्हणून."

"तुम्ही विचारलंत, कुठून आणले? मी म्हटलं फुटपाथ. तुम्हाला लगेच पटलं. मला काय वाटलं असेल? माझ्याकडे ओरिजिनल असूच शकत नाही, हे घरात सगळ्यांना कसं एकदम पटलं!"

यावर जमव्याचा हलणारा पायसुद्धा क्षणभर थांबला.

"दिवा मुद्दाम लावलास का रे?" तिने मग हळूच विचारलं.

हो म्हणावंसं त्याला फार वाटलं. "नाही. पाठ लागली."

"तरी बरं. नाहीतर मला तुझं कौतुक करावं लागलं असतं."

मग त्याने घरभेटीचं सांगितलं. पक्का होण्याचंही सांगितलं. धाकटीने बुटाची लेस ओवून घट्ट ओढली. शेवटी म्हणाली, "येऊ देत. पण आईला किंमत कळता कामा नये. कळली, तर मी त्या बाईंना तिथल्या तिथे सांगेन, की हा माझा भाऊ आहे आणि याच्या चड्ड्या मधल्या कप्प्यात आहेत."

आईला समजावणं सोपं गेलं.

"म्हणजे मी तुला ओळखायचं नाही?"

"तासभर फक्त."

"तासभर होय! मला वाटलं काय मोठं सांगतोस. एरवी तरी कुठे ओळख पटेल इतका घरी असतोस?" आईने पाय खुर्चीवर घेऊन पोटऱ्या चोळल्या. "पक्का करणार ना पण तुला?"

"हो."

"मग कोण रे बाबा तू?"

भेटीच्या दिवशी सकाळी धाकटीने घरातला भाऊ निपटून काढला. त्याचे शर्ट पलंगाखाली गेले, दाढीचं सामान पिठाच्या डब्यामागे. भिंतीवरचा तिघांचा फोटो उतरवला, तर त्या जागी भिंत जरा जास्तच स्वच्छ निघाली. तिथे कॅलेंडर लटकवलं. आपलं असणं इतक्या लवकर गोळा करता येतं हे जमव्याने बघितलं. पण त्याला बसायलाच वेळ नव्हता, तर वाईट कधी वाटून घेणार? तो बाईंना आणायला पळाला.

टॅक्सीत त्याने तीनदा विषय बदलून शेवटी विनंती केली. "मॅडम, एक सांगू? त्या मुलीच्या आईसमोर किमतीचं काढू नका. घरी माहीत नाहीये."

"अहो, लोकांच्या घरी जाऊन त्यांची गुपितं फोडली तर उद्या दार कोण उघडेल आम्हाला?" मोजेबाई म्हणाल्या. "तुम्ही एवढे घामाघूम का झालात?"

"मी असाच असतो," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं.

आईने दार उघडलं. तिने ठेवणीतला ड्रेस घातला होता आणि चेहऱ्यावर अनोळखीपणा चांगला जाड थापला होता. "या बाई, या. आणि हे कोण साहेब? तुम्हीपण या. बसा ना, अवघडू नका, आपलंच घर समजा."

धाकटीला खोकला आला.

मोजेबाई शांतपणे घर बघत होत्या. बघायची सवय असलेली बाई ती. डोळे फिरायचे, पण मान हलायची नाही. त्यांनी धाकटीला कपाट उघडायला सांगितलं. वरच्या कप्प्यात अत्तराच्या दोन रिकाम्या पण देखण्या बाटल्या, ब्रँडच्या कागदी पिशव्या घडी घालून ठेवलेल्या. खाली बूट, त्यांच्या मूळ खोक्यात. आणि एका कोपऱ्यात मोज्यांचा बोळा. एकाची जोडी दुसऱ्याशी नाही.

"हे कुठले?" बाईंनी बोळ्याकडे बोट केलं.

"ढिगातले. तीन जोड्या एकत्र मिळतात."

"शूज एवढे जपतेस आणि मोजे असे?"

"मोजे कोण बघतं मॅडम? आणि ज्याला दिसतील तो इतका जवळचा असेल, की त्याच्यासमोर काय मिरवायचं?"

मोजेबाईंनी पेन काढलं, उघडलं, आणि न लिहिता बंद केलं. त्यांच्या आख्ख्या कंपनीचा प्रश्न त्या एका वाक्यात आडवा झाला होता.

इकडे आईला भूमिका चांगलीच चढली होती. "तुमचं काय साहेब, लग्न झालंय का?"

"नाही," जमव्या दातांतून म्हणाला.

"पगार पक्का नसेल. मुलगी कोण देणार मग! तुमच्या आईला काळजी असेल, नाही?"

"असेल."

"असेल म्हणजे? विचारता का कधी तिला? ही आजकालची मुलं बाई, घरी झोपायला येतात नुसती."

जमव्याला तिथून कुठेतरी पळायचं होतं. बाईंनी पाणी मागितलं आणि तो उभाच राहिला. "मी आणतो." स्वयंपाकघरात गेला, फ्रिज उघडला, बाटली काढली आणि गुडघ्याने दार किंचित वर उचलून, खाली टिचकी मारल्यासारखा धक्का देत बंद केलं. त्या फ्रिजचं दार तसंच लागतं. नाहीतर लागत नाही. ग्लास कुठे आहेत हेही त्याने विचारलं नाही. पाणी आणून दिलं तेव्हा मोजेबाई त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या. मग "थँक यू" म्हणाल्या, एवढंच.

निभावलं, असं त्याला वाटलं. बाई पर्स सावरायला लागल्या होत्या. पुढचा महिना, टेबल, खुर्ची हे सगळं दारापर्यंत आलं होतं. आणि तेव्हा आईने खोक्यातला एक पांढरा बूट उचलला.

"हे बघा बाई, तुम्ही कंपनीवाले म्हणून सांगते. हे डुप्लिकेट आहेत. फुटपाथवरचे. पण काय सुरेख निघालेत! तळवा बघा, कापसासारखा." तिने अंगठ्याने बुटाचा तळ दाबून दाखवला. "मी कधीची हिच्या मागे लागलेय, मलापण तिथूनच एक जोड आण. दिवसभर उभी असते मी. संध्याकाळी टाचा नुसत्या ठणकतात. तर ही रोज काहीतरी कारण सांगते. आज तो माणूस बसला नव्हता, आज माझ्या पायाचा नंबर नव्हता. अगं, मग मला जागा सांग, मी जाते. सांग ना आत्ता, कुठल्या रस्त्यावर बसतो तो? या बाईंनापण कळेल, स्वस्तात काय मिळतं ते."

धाकटीने खोक्याचं झाकण हातात घेतलं. तिचे कान लाल झाले, मग गाल, मग डोळे. मोजेबाई पर्सच्या चेनकडे बघत राहिल्या. दिलेला शब्द त्या पाळत होत्या.

"सांग की! आईच्या टाचांपेक्षा त्या माणसाची जागा मोठं गुपित आहे का?"

जमव्या उंबऱ्यात उभा होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. तोंड मिटून उभं राहायचं, अर्धं मिनिट काढायचं, जिना उतरायचा; पुढच्या महिन्यात खुर्ची. धाकटीने रडत रडत काहीतरी रस्ता सांगितलाही असता. पण तिने त्याच्याकडे बघितलं, अगदी तसंच, जसं काचेपलीकडून बघितलं होतं.

"आई," तो म्हणाला, "ते खरे आहेत. मी घेऊन दिलेत तिला."

आईची भूमिका अजून उतरली नव्हती. "अहो साहेब, आई कुणाला म्हणताय? मी तुम्हाला..." आणि मग तिचा आवाज आपोआप खाली आला. तिने मुलाकडे बघितलं, बाईंकडे बघितलं, हातातला बूट छातीशी धरला. "अरे, पण तू तर..."

"असू दे. झालं."

"तू घेऊन दिलेस? खरे? म्हणजे केवढ्याचे?"

त्याने किंमत सांगितली. आता लपवायचं ते काय राहिलं होतं? आईने बूट दोन्ही हातांनी, काचेचं भांडं ठेवावं तसा, खोक्यात ठेवला. मग वळून म्हणाली, "चहा घेणार का बाई? आता खरा करते. मघाशी परक्यांसाठी करायचा तसा पातळ केला होता."

मोजेबाईंनी चहा घेतला. जिना उतरताना म्हणाल्या, "फ्रिज गुडघ्याने बंद केलात, तेव्हाच मला कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"घर खरं होतं ना. मुलगीही खरी होती. मला वाटलं चालवून घ्यावं." त्या दोन पायऱ्या उतरल्या. "पण आता मला सरांना सांगावं लागेल. या घरावर मी आमच्या कंपनीत तासभर बोलणार होते. उद्या कुणी विचारलं, ही मुलगी कुणी शोधली, तर काय सांगू? तिच्या भावाने?"

"सांगा," जमव्या म्हणाला. "तुमचं बरोबर आहे."

"आणि ते शूज तुम्ही घेतले नाहीत. ते मी ऐकलंय तिच्या तोंडून."

"ते मात्र सांगू नका."

"ते सांगायचं मला काही कारण नाही," बाई म्हणाल्या आणि टॅक्सीत बसल्या.

सरांनी आरडाओरडा केला नाही, हेच जास्त लागलं. "तुझ्याच तोंडून मी सगळ्यांना नियम ऐकवत होतो रे," एवढंच म्हणाले. वर्षभराचं काम मोजेबाईंनी तरीही दिलं, कारण चर्चा चांगली झाली होती. पण पक्की खुर्ची एका नव्या मुलीला गेली. ती जागेवर बसून फोनवरूनच माणसं जमवते आणि एकदाही उठत नाही. जमव्या आधीसारखाच डोकी मोजून पैसे घेतो. सरांनी काढून टाकलं नाही. कारण जिमच्या जिन्यात दिवसभर उभं राहायला दुसरं कोण तयार आहे?

त्या दिवशी घरी आल्यावर धाकटीने त्याला दारातच गाठलं. "तुझे किती देऊ मी? हप्त्याने देईन."

"कशाचे?"

"शूजचे. तू घेऊन दिलेस ना?"

"मग मला कशाला देतेस? दिले मी, घेतलेस तू. मुकाट्याने घाल."

"तुझी नोकरी गेली त्याचे मग."

"ती होती कुठे जायला?" तो म्हणाला आणि फोन काढून उगाचच कुणाचा नंबर शोधायला लागला. तिने त्याचे पलंगाखालचे शर्ट काढले, झटकले, एकेक करून परत कपाटात लावले. फोटो मात्र उतरवलेलाच राहिला. नंतर कधीतरी लावू, असं म्हणत म्हणत.

पण घरातलं खरं बदललं ते आईच्या बाजूने. आईने धाकटीला एका शब्दाने विचारलं नाही. रागावलीही नाही. मुलाने बहिणीला एवढे महागाचे बूट घेऊन दिले, हे ती धुलाईखात्यात सगळ्यांना सांगून आली. तिथल्या बायकांनी अगदी साधा प्रश्न विचारला: आणि तुला?

तो प्रश्न ती घरी घेऊन आली. जेवताना म्हणाली, "मला असं मोठं नाव नको बाबा. खाली मऊ असलं की झालं." दोन दिवसांनी म्हणाली, "पण डुप्लिकेट नको. डुप्लिकेटात ते मऊ बसून जातं म्हणे." आठवड्याने म्हणाली, "रंग पांढरा नको. मळतो. निळा असतो का त्यात?"

"असतो," जमव्या म्हणाला. "घेऊ. पुढचं काम आलं, की घेऊ."

पुढचं काम आलं. पाण्याच्या बाटल्यांवर चर्चा होती. पैसे यायला वेळ लागला, आणि आले ते घरभाड्यात गेले. मग इयरफोनवाल्यांचं काम आलं. त्या पैशांतून धाकटीच्या चष्म्याच्या दुकानाशेजारच्या मोठ्या बुटांच्या दुकानात तो आईला घेऊन गेला. आईने निळा जोड घातला, दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून बघितलं, परत चालून बघितलं. तिचा चेहरा असा झाला, की विकणारा पोरगा पावती करायला काउंटरकडे निघालासुद्धा. पण हा काही धाकटीच्या बुटांसारखा हप्त्यावर मिळणारा जोड नव्हता. खिशात होतं त्यापेक्षा जोड बराच वर निघाला.

"असू दे," आई म्हणाली आणि बूट काढून, लेस आत नीट दुमडून, खोक्यात ठेवले. "आज नुसतं बघायचंच होतं. नंबर कळला ना? मग झालं."

बाहेर आल्यावर ती जुन्या सपातांतून जरा सावकाश चालत होती, आणि जमव्याचा फोन वाजत होता. त्याने तो बंद केला नाही, पण उचललाही नाही.

"पुढच्या महिन्यात नक्की," तो म्हणाला.

"निळाच," आई म्हणाली. "दुसरा आणलास तर मी घालायची नाही."